डावी वीण

चर्चसमोर जमलेल्या गावादेखत पेटीतून पदक निघालं तोवर हिलारिओ आन्चुंदिया खुशीत होता. त्याखालून टोपी निघाली आणि त्याने झाकण लावायला घेतलं. सातासमुद्रापलीकडच्या प्रदर्शनातून १८५६ सालचं, त्याचं नाव कोरलेलं पदक येणार हे ठाऊक होतं. पण टोपीही परत येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"उन्हात धर की," चर्चच्या पायरीवरून म्हातारा सेबेरो म्हणाला.

गवताच्या टोप्या विणणाऱ्या मॉन्तेक्रिस्ती गावात टोपी अशीच पारखतात. माथ्याच्या मध्यापासून फिरत गेलेले विणीचे वेढे उजेडात दिसतात, आणि हात कोणाचा हे पोरंसोरंही सांगतात. हिलारिओचे वेढे उजवीकडे वळत. या टोपीचे डावीकडे वळले होते, आणि अख्ख्या गावात डावखुरी विणकर एकच होती, त्याची थोरली बहीण ट्रान्सितो.

तिच्या पाच महिन्यांच्या पहाटा त्या टोपीत गेल्या होत्या. प्रदर्शनासाठी टोप्या गोळा करणारा व्यापारी दारात आला तेव्हा ती तापाने अंथरुणाला खिळलेली. टोपी कोणाची, असं त्याने विचारलं आणि हिलारिओ 'माझी' म्हणून गेला. बहिणीला त्याने टोपी विकली एवढंच सांगितलं.

त्याने टोपी उन्हात धरली. कोणी हसलं नाही. सेबेरोने पाहिलं, मान खाली घातली आणि तो उठून निघून गेला. मग बाकीचेही पांगले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. हिलारिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो बहिणीकडे गेला. ऊन चढलं की गवताची काडी कडक होऊन तुटते, म्हणून ती दवातच विणायला बसे. लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून ती वाकली होती. त्याने टोपी आणि पदक तिच्यापुढे ठेवलं.

"ताई, हे तुझं आहे."

हातातला वेढा पुरा होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"सेबेरो काल सांगून गेला मला."

मग तिने पदक उचललं. वीण सरकू नये म्हणून ठोकळ्यावरच्या टोपीच्या माथ्यावर वजन ठेवतात, तिथे ते ठेवलं आणि एक काडी ओढली. पदक घसरलं. तिने ते त्याच्या तळहातावर परत ठेवलं.

"हलकं आहे रे. तो दगड दे इकडे."

हिलारिओने कोपऱ्यातला दगड आणून दिला आणि, ती जा म्हणाली नव्हती म्हणून, तिथेच उभा राहिला.