खालचं कुरण

"चारशे वर्षं हे जनावर आपल्या खोऱ्यात नव्हतं, तेगवेन. कोणाचं काही अडलं होतं का?"

इद्वाल प्राइस स्वतःच्याच कुरणात घोटाभर पाण्यात उभा होता. ओढ्यावर फांद्या आणि चिखलाचा कमरेएवढा बांध उभा राहिला होता, आणि एरवी या दिवसांत जिथे गवत डोलायचं तिथे पाणी पसरलं होतं.

तेगवेन गावच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. ओढ्यांवर फांद्यांचे बांध घालणारे बीव्हर खोऱ्यात परत आणायची समिती तिनेच उभी केली होती. गेल्या वसंतात वरच्या रानात बीव्हरची जोडी सोडली, तेव्हा सगळा गाव चहाचे थर्मास घेऊन जमला होता. इद्वाल गेला नाही. मेंढ्यांची खुरं कापायची आहेत, म्हणाला. समितीने मात्र काठावरच्या प्रत्येक शेतकऱ्याला शब्द दिला होता: नको म्हणालात तर जनावरं उचलून नेऊ. आणि वर्षभरात त्या जोडीने खाली सरकत नेमका इद्वालचाच ओढा पसंत केला.

"अडलं नव्हतं," तेगवेन म्हणाली. "शब्द दिलाय तो पाळीन. म्हणशील तर सापळे लावते. पण आधी बांधातून एक मोठा पाइप घालून बघू दे. पाणी जरा उतरेल."

"घाला. नाहीतर म्हणाल, म्हाताऱ्याने संधीच दिली नाही."

शनिवारी गावातली डझनभर माणसं बूट चढवून आली. बेकरीवाला आला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई आली, आणि इद्वालची धाकटी बहीण मेरेरिडही आली. ती गावाची पोस्टमन. तिचं घर खाली पुलाजवळ. नदी फुगली की पाणी थेट तिच्या स्वयंपाकघरात शिरायचं. वर बांध झाले तर पुराचं पाणी अडून सावकाश खाली येईल, हे तेगवेनचं म्हणणं तिला पटलं होतं. टपाल वाटता वाटता ती दारोदार बीव्हरबद्दल बोलली होती. भावाच्या दारात मात्र नुसती पत्रं टाकून परतली होती.

इद्वाल काठावर हाताची घडी घालून बघत होता. मेरेरिड पाइप धरून चिखलात रुतत चालली, तेव्हा त्याला राहवेना.

"बाहेर ये. त्या दुखऱ्या गुडघ्यानं आत जाशील, पण परत निघायची नाहीस."

"तू विरोधातला ना?"

"असेन. बहीण एकच आहे मला. दे इकडे."

दुपारपर्यंत पाइप बसला. पाणी उतरू लागलं. कुरणाचा वरचा अर्धा भाग चिखलाने माखून बाहेर आला. खालचा अर्धा पाण्याखालीच राहिला.

"पाणी याहून कमी केलं तर बीव्हर इथे राहायचे नाहीत," तेगवेन म्हणाली. "आता तू सांगशील तसं."

"उद्या सांगतो."

सगळे पांगले. भाऊ-बहीण उतारावर बसून राहिले. मेरेरिडने डब्यातून मनुकांचा केक काढला.

हे कुरण त्यांच्या वडिलांनी दलदलीतून काढलं होतं. फावड्याने चर खणून त्यात पाणी निचरायला मातीच्या नळ्या बसवल्या होत्या, आणि नळ्या वाहून आणायचं काम या दोघांकडे होतं. नंतरच्या सगळ्या उन्हाळ्यांत इद्वालने इथलंच गवत कापलं. खोऱ्यात याच्याइतकं गोड गवत दुसरीकडे नाही, असं तो म्हणे आणि कोणी वाद घालत नसे.

ऊन कलल्यावर पाण्यातून एक तपकिरी डोकं वर आलं. मादी होती. पुढच्या पायांनी चिखलाचा गोळा छातीशी धरून ती बांधावर चढली, पाइपच्या कडेला तो ठेवला आणि थोपटू लागली.

"बाबा नळ्यांभोवती अस्संच थोपटायचे," मेरेरिड म्हणाली.

"त्यांच्यासमोर बोलली असतीस तर फावडं फेकून मारलं असतं."

दोघंही हसली.

"तू गावभर विचारत फिरलीस," इद्वाल म्हणाला. "मला एकदाही विचारलं नाहीस."

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. माझ्यासाठी."

"मग काय बिघडलं असतं?"

"जन्मभर तुझं गवत तुडवल्यासारखं वाटलं असतं मला. स्वयंपाकघर काय, मी पुसून घेते."

इद्वालने केकचे कण मांडीवरून झटकले. बीव्हरची मादी आणखी चिखल आणायला पाण्यात उतरली होती.

"वरचा अर्धा भाग मला कोरडा हवा," तो शेवटी म्हणाला. "तेगवेनला सांग, पाइप तुंबला तर मी नाही उपसणार, तिनंच यायचं. खालचं राहू दे त्यांना."

मेरेरिडने त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त उरलेला केक त्याच्या बाजूला सरकवला.

पुढच्या आठवड्यात दोघांनी पाण्यात गेलेल्या खालच्या कुरणाचं ओकचं फाटक बिजागऱ्यांवरून उतरवलं. वरच्या माळाला ते उपयोगी पडणार होतं.

"केवढं जड आहे रे!"

"हळू चाल. घाई कोणाला आहे?"

माळाच्या भिंतीला फाटक टेकवून मेरेरिड दम खात बसली. हत्यारांची पिशवी खालीच राहिली होती. ती आणायला इद्वाल एकटा परत गेला. पाण्याच्या कडेची पिशवी उचलली आणि दोन रिकाम्या खांबांमधून बाहेर पडला. सवयीने तो मागे वळला आणि कडी लावायला त्याने हात पुढे केला.

हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने पिशवी त्या हातात घेतली आणि चढ चढू लागला.