मामाच्या जागी

पप्पूनं बटण दाबलं आणि भिंतीवरच्या टीव्हीत एक नवरदेव जेसीबीच्या बकेटात बसून मांडवात उतरायला लागला. मधेच बकेट हिंदकळलं. नवरदेव घसरला तो नेमका बँडवाल्याच्या ढोलावर. पप्पूनं त्याला मागून सनई लावली होती.

"ह्यो पीस लई चालला, पावणं."

अश्विनी खिदळली. तिची आई सरूबाई पदर तोंडाला लावून हसली. संपत मात्र ढिम्म. पोरीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला डिंगोऱ्याहून जुन्नरला येऊन त्यानं दोन स्टुडिओ आधीच नापास केले होते. एकानं सोयऱ्यांची मुंडकी कापली होती, दुसऱ्यानं मानाच्या माणसांपेक्षा आचाऱ्यालाच जास्त दाखवलं होतं. हा तिसरा, पप्पूचा, अश्विनीनं शोधलेला.

"नाचगाणं ऱ्हाऊ दे," संपत म्हणाला. "मानाची माणसं सुटता कामा न्हाईत. फेट्यासकट दिसली पायजेत. बाकी काय बी कर."

"मंग आख्खं लगीनच दावतो. डिंभ्याचं."

धरणाचं पाणी आलं, वरून ड्रोन फिरला, मग मांडवाचं दार. दारात हातात ताट घेऊन संपतची बहीण मोहिनी उभी होती. सारखी रस्त्याकडं बघत होती.

"अवं, दुसरं बघू की," सरूबाई पुटपुटली.

"आण्णा, ऱ्हाऊ द्या हेच," अश्विनी म्हणाली.

मोहिनीच्या लेकीचं, अक्षदाचं लग्न ते. संपत तिचा एकुलता मामा. त्या दिवशी मांडवाच्या दारात त्याला बांधायला साधा गुलाबी फेटा आणला, आणि नवऱ्याकडच्या मामाच्या डोक्यावर जरीचा. झालं. संपतनं सरूबाईला मागं बसवलं, गाडी वळवली, घरी येऊन फोन बंद केला नि झोपला. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं नाही.

टीव्हीत मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता उडाल्या आणि एकाएकी चित्रच कलंडलं. मांडव आडवा, भटजी आडवे, निम्म्या पडद्यावर पंख्याचं बूड.

"आरं, कॅमेरा सोडून गेलतास कुठं?" संपतनं विचारलं.

"त्याचीच तर गंमत!" पप्पू खुलला. "नवरीचा मामा फेट्यावरनं रुसून पळाला. मुहूर्त टळाया लागला, पोरीमागं उभं ऱ्हायाला मामा न्हाई. तिची आय माज्याच पाया पडाया लागली. म्हणं, भाऊ, तूच व्हय मामा. म्या कॅमेरा खुर्चीवर टेकावला नि गेलो. त्यो बगा मी!"

तिघांनी माना वाकड्या करून पाहिलं. अक्षदाच्या मागं, हाताला वायर गुंडाळलेला पप्पू उभा होता. डोक्यावर तोच गुलाबी फेटा. जरा सैलच होत होता त्याला.

"पोरगी आजून मामाच म्हणती. भाऊबीजेला तिची आय ओवाळाया बोलावती. फुकटात भैन घावली राव!" पप्पू हसला. "कसलं माकड आसंल ना त्यो मामा?"

सरूबाईनं फरशीकडं बघितलं. अश्विनी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, पण मोबाइल बंदच होता.

"आसंल," संपत म्हणाला.

पप्पूनं टीव्ही बंद केला. "आता मानाची माणसं सांगा, म्हंजी एक बी सुटायचं न्हाई. पोरीला आत्या किती? पयली हळद आत्याची. ती जवळनं घ्यावी लागती."

"एकच."

"येनार ना?"

अश्विनीनं मान वर केली आणि बापाकडं बघत राहिली. संपतनं टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली. बहिणीचं डिंभं काही काशी-रामेश्वर नव्हतं.

"तूच ठरला बग," शेवटी तो म्हणाला.

अश्विनीचा चेहरा उजळला.

मग संपत घसा खाकरून पप्पूच्या जवळ सरकला.

"पप्पू, हळदीच्या दिवशी तुजी बायकू मोकळी हाय का रं?"