ओला लेप

काचवाल्याची पिकअप गल्लीत उभी असली की मुलं चेंडू घेऊन पलीकडच्या गल्लीत जात. त्याने कुणाला कधी हाकललं नव्हतं. नुसता खिडकीत येऊन उभा राहायचा आणि चेंडू जाईल तिकडे मान फिरवायचा. अशी मान डोक्यावर फिरत असली की खेळण्यात कुणाचं लक्ष लागणार?

खिडक्यांच्या काचा आणि भिंतीवरचे आरसे बसवणं हा त्याचा धंदा. पूर्वी त्याच्याकडे एक जुनी व्हॅन होती. एकदा दिवसाढवळ्या कुणीतरी तिचं दार उचकटून सगळी हत्यारं नेली, तेव्हा हा दहा पावलांवर एका घरात आरसा बसवत होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा पाणीसुद्धा फुंकायला लागला.

नवी पिकअप आली आणि त्याच दिवसापासून तिच्यावर काही ना काही चढायला लागलं. पुढे जाड नळ्यांचं गार्ड, बॉनेटवर पारदर्शक फिल्म, चाकांमागे रबरी पडदे. हौद्यात काचा उभ्या ठेवायला तिरकी लाकडी घोडी, तिच्यावर जाड लोकरी कापड. हौद्यावर कुलपाचं झाकण. स्टिअरिंगला लोखंडी दांडा, हात लागला की बोंबलणारा अलार्म, आणि या सगळ्यावर ताण म्हणजे एक चोरबटण. ते दाबल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसे. ते कुठे आहे हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. कुणी बघितलं असेल अशी शंका आली की तो जागा बदलायचा, आणि शंका तर त्याला शिंक यावी तशी यायची.

सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक त्याने काढलंच नाही. त्यावर कव्हर घातलं आणि कव्हरवर पुन्हा जाड प्लास्टिक.

"आपण बसणार आहोत, की आपल्यालाच कुणाला भेट द्यायचंय?" बायकोने विचारलं होतं.

गाडीत चप्पल काढून बसायचं, हा नियम तर सगळ्यांना होता. चपला ठेवायला एक पिशवी दाराला टांगलेली असे. पहिल्यांदा ताईला फिरवून आणायला निघाला तेव्हा तिने कौतुकाने पाय आत टाकला आणि हा म्हणाला, "ताई, चप्पल." ताई हसली, खाली उतरली, चपला काढून परत चढली. त्याला तेव्हा त्यात काहीच वाटलं नाही.

आणि गंमत बघा, हाच माणूस ताईच्या नवऱ्याला नावं ठेवायचा. मेव्हण्यांच्या घरी सोफ्यावर प्लास्टिक होतं. पाहुणे आले तरी ते निघत नसे. ताईने त्यावर बसलेलं मेव्हण्यांना खपत नसे, ती जमिनीवर बसे. एकदा तिच्या शिलाईतले दोऱ्याचे तुकडे सोफ्यावर सापडले, तर मेव्हण्यांनी मशीनला कुलूप घातलं आणि किल्ली कितीतरी दिवस खिशात घालून फिरले. ताई शिवणावरच आपला हातखर्च भागवायची. "वस्तूंसाठी माणसं की माणसांसाठी वस्तू?" असं काचवाला त्या वेळी तावातावाने बोलला होता. बोलताना बॉनेट पुसत होता.

तर मंगळवारी त्याने हौद्याला लेप मारून घेतला. रबरासारखा काळा, खरखरीत. आत काहीही आपटलं तरी पत्र्याला ओरखडा येणार नाही असा. लेपवाल्याने बजावलं, "शनिवारपर्यंत आत जड काही ठेवू नका. वरून सुकल्यासारखं दिसतं, पण आत ओलं असतं. ठसा पडला की तो कायमचा."

बुधवारी दुपारी ताई आली. पाणी प्यायली, भांडं स्वतःच विसळून ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "बारक्या, मी तिथून निघायचं ठरवलंय. ते बाहेरगावी गेलेत, शुक्रवारी रात्री येतील. त्याआधी सामान हलवायला हवं. ते समोर असले तर चमचासुद्धा नेऊ देणार नाहीत, आणि मशीन तर नाहीच."

काचवाला उठून उभा राहिला. कितीतरी वर्षं तो याच वाक्याची वाट बघत होता. तरी तोंडातून निघालं ते वेगळंच. "हौद्याला कालच लेप दिलाय गं."

"म्हणजे?"

"ओला आहे. एखादा टेम्पो सांगू का?"

"टेम्पोवाले सगळे आमच्या नाक्यावर उभे असतात. ह्यांच्या ओळखीचे आहेत. मी जिना उतरायच्या आत फोन जाईल."

त्याने खिडकीतून खाली गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "शुक्रवारी सकाळी येतो. तोवर बराच सुकेल. ते रात्री येणार ना? मग आहे की वेळ."

"बरं," ताई म्हणाली. "तुझी सोय बघ."

ताई गेल्यावर बायको दारात आली. "आज का नाही?"

"लेप ओला आहे."

बायको काही बोलली नाही. भांडी बोलली, ती संध्याकाळपर्यंत.

त्या बुधवारपासून त्याचा पाय एका जागी ठरेना. खाली जायचा, झाकण उघडायचा, लेपावर बोट टेकवायचा. बोट काळं होत नव्हतं, पण खाली किंचित दबत होतं. पुन्हा वर यायचा, पुन्हा खाली जायचा. आई-वडील गेल्यावर ताईने त्याच मशीनवर रात्रंदिवस शिवून त्याला वाढवलं होतं. काच कापायची पहिली हिरकणी तिनेच घेऊन दिली होती. ती अजून त्याच्या खिशात असायची. हे सगळं त्याला आठवत होतं, आणि त्याच वेळी मशीनच्या लोखंडी पायांचे ठसे लेपात उमटलेलेही दिसत होते. आपल्याला हे दिसतंय याचीच त्याला लाज वाटली. लाजेला काही काम नसलं की माणूस हाताला काम शोधतो. त्याने चोरबटणाची जागा बदलली.

गुरुवारी एका इमारतीत जिन्याच्या खिडक्यांचं काम होतं. काचा आधीच तिथे आणून ठेवलेल्या होत्या. दोनदा मापावं आणि एकदा कापावं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. त्याने तीनदा मापलं आणि तरी काच बोटभर आखूड कापली. दुसरी घेतली. खिडकीतून खाली गाडी दिसत होती. कुणीतरी तिला टेकून बोलत उभं होतं. तो खाली जायला वळला, परत आला. वाटलं, आत्ता निघावं आणि ताईकडे जाऊन थडकावं. मग वाटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या सकाळी जायचंच आहे.

दुपार कलायला लागली तेव्हा फोन वाजला.

"बारक्या, ते आजच येतायत." ताईचा आवाज हळू होता. "काम लवकर उरकलं म्हणाले. गाडीत बसलेत. संध्याकाळी पोचतील. तुला जमेल का? नसेल तर राहू दे, मी बघते काहीतरी."

"काय बघतेस? आलो मी."

काच तशीच भिंतीला टेकवून तो जिन्यावरून धावला. गाडीत बसला, दांडा काढला, किल्ली फिरवली. इंजिन ढिम्म. त्याने सीटखाली हात घालून बटण दाबलं. काही नाही. बॅटरी गेली असेल म्हणून बॉनेट उघडलं, तारा हलवल्या, तेवढ्यात अलार्म बोंबलायला लागला. लोक गोळा झाले. एकाने विचारलं, "गाडी तुमचीच आहे ना?" काचवाला घामाने निथळत होता आणि स्वतःच्याच गाडीत चोरासारखा चाचपडत होता. सीटखाली नाही, स्टिअरिंगखाली नाही, कप्प्यामागे नाही. चोराला सापडू नये म्हणून केलेला सगळा खटाटोप, आणि एवढ्या काळात त्या बटणाने फसवलेला हाच एक माणूस. शेवटी डोकं धरून बसला तेव्हा आठवलं की ते काल आपण दाराच्या पट्टीआड बसवलंय, आणि सकाळी तेच दाबून इथवर आलोय. काल हाताला काम नव्हतं म्हणून.

ताईच्या इमारतीपाशी पोचला तेव्हा उन्हं भिंतींवर चढली होती. शेजारणीला हाताशी धरून खाली आणलेलं सगळं सामान फाटकाच्या आत मांडून ताई उभी होती. एक पेटी, दोन ट्रंका, एक लहान कपाट, भांड्यांची गोणी.

तो बघतच राहिला. ट्रंकांचे कोपरे तिने उशांच्या अभ्र्यांत बांधले होते. कपाटाचे चारही पाय लोकरीच्या मोज्यांत होते आणि मोजे सुतळीने आवळले होते. पेटीला तिची चांगली शाल गुंडाळली होती, गोणीखाली रजईची घडी होती. घरातून निघायचं, नवरा वाटेत आहे, आणि ही बाई दुपारभर त्याच्या हौद्याला ओरखडा येऊ नये म्हणून गाठी मारत बसली होती.

"आधी रजई अंथर," ताई म्हणाली. "मग ट्रंका. ओढू नकोस, उचलून ठेव."

त्याने मुकाट्याने ठेवलं. तिच्या हातातला फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि घेतला नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"चल," ती म्हणाली. "झालं एवढंच."

"मशीन?"

"वरच आहे."

"वर म्हणजे? कुलूप लावलंय का?"

"नाही." ताई झाकणाकडे बघत म्हणाली, "त्याचे पाय लोखंडी आहेत रे. कितीही गुंडाळलं तरी वजन आहेच. तू म्हणालास ना, लेप ओला आहे. राहू दे. मी हाताने शिवेन, बघू पुढे कधीतरी."

काचवाल्याला वाटलं, कुणीतरी आपल्या मुस्काटात मारावी. ताई मारणाऱ्यांपैकी नव्हती. तो जिना चढला. वर दार उघडं होतं. प्लास्टिकमधला सोफा मिटल्या तोंडाने बसला होता आणि खिडकीपाशी मशीन. त्याने ते स्टँडसकट उचललं. जन्मभर काचा उचललेला माणूस, पण काच हलक्या हाताने उचलायची असते. हे लोखंड पोटाशी घेऊन, पायरी पायरी चाचपत उतरायचं होतं. मधल्या मजल्यावर एक गाडी फाटकाशी थांबल्याचा आवाज आला. तो मशीनसकट तिथेच थांबला. ती दुसऱ्याच कुणाची तरी निघाली, पण तो खाली पोचला तेव्हा ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खाली काहीतरी घाल," ती कुजबुजली. "थांब, माझी ओढणी देते."

"काही नको."

त्याने मशीन उघड्या लेपावर ठेवलं. चार लोखंडी पाय आवाज न करता आत रुतले. त्याने ते पाहिलं आणि झाकण लावलं.

तो वळेपर्यंत ताई गाडीत बसली होती. अनवाणी. चपलांच्या पिशवीत त्याने खिळ्यांच्या पुड्या आणि मापाची टेप भरली होती, म्हणून चपला तिने मांडीवर धरल्या होत्या, तळ एकमेकांना लावून, मातीचा कण खाली पडू नये अशा.

"ताई, चप्पल घाल."

"असू दे रे. सवय आहे मला."

त्याने गाडी काढली. नाक्यावर टेम्पोवाल्यांनी वळून पाहिलं. ताईने मान खाली घातली. फोन पुन्हा वाजला, तिने तो चपलांखाली सरकवला. दोन चौक मागे पडले. काचवाल्याला पुष्कळ सांगायचं होतं. बुधवारीच यायला हवं होतं, मी मूर्ख आहे, असं काहीतरी. पण तो नुसता आरशात बघत राहिला, मागे कुणी येतंय का म्हणून.

वळणावर ताई जराशी सरकली आणि तिच्या खालचं प्लास्टिक शिवणीपाशी टर्रकन फाटलं.

"मी नाही काही केलं," ताई एकदम म्हणाली. दोन्ही हात तिने वर उचलले होते. "मी नुसती सरकले. आधीच विरलं असेल ते. मी शिवून देईन, बारक्या."

त्याने गाडी कडेला घेतली. हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. हा त्या घरातला आवाज होता, सोफ्यासमोर उभं राहून बोलायचा. आणि ताई तो त्याच्याशी बोलत होती.

त्याने हात लांब करून ते फाटलेलं प्लास्टिक धरलं आणि ओढलं. ते टराटरा फाटत पाठीपर्यंत गेलं. मग स्वतःच्या सीटचं ओढलं. ते निघता निघेना, त्याने खिळ्यासारखी नखं लावून काढलं. येणारेजाणारे बघत होते. सगळा चोळामोळा त्याने पायाशी कोंबला.

"ताई, मी सांगतो ना. घाल चप्पल."

ताईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एक चप्पल खाली ठेवली, मग दुसरी, आणि त्यांत पाय सरकवले. त्याने गाडी चालू केली.

मागे प्रत्येक खड्ड्याला मशीन हलत होतं. त्याचं लक्ष मशीनकडे नव्हतं. तो मधूनमधून खाली बघत होता. चपला पायात होत्या, पण टाचा ताईने वरच धरल्या होत्या, मॅटला लागू नयेत म्हणून. घर येईपर्यंत तिने त्या टेकवल्या नाहीत.