खिळ्यावरचा तवा आणि नंदीशचा बरिटो

मी एक जुना लोखंडी तवा आहे, मित्रांनो. रंगाने काळा, मधे जरासा खोलगट आणि एकाच कानाचा. दुसरा कान कधीचाच निखळून पडला. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत, काशम्माच्या स्वयंपाकघरात, मी एका खिळ्यावर टांगलेला असतो.

माझा जन्म दुधनीचा. एका लोहाराने मला ठोकून ठोकून आकार दिला आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला मांडलं. नव्या नवरीने, म्हणजे काशम्मानेच, मला उचललं, बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्योच घेऊ. आवाज खणखणीत हाय." तेव्हापासून या घरातली प्रत्येक भाकरी माझ्यावर भाजली गेली. तेलाचा थेंब मात्र तिने मला कधी लागू दिला नाही. तेलकट तव्यावर भाकरी रुसते, असं ती म्हणते, आणि ते खरं आहे.

तिचा नवरा निंगप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. माग चालू असताना डोळा धाग्यावर ठेवावा लागतो. डबा मांडून बसायला सवड कुठली? म्हणून काशम्माने एक युक्ती काढली. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, म्हणजे भाकरी मऊ राहते आणि वाकवली तरी चिरत नाही. तिच्यावर शेंगाची चटणी, मटकीची उसळ, बारीक कांदा घालायचा आणि घट्ट गुंडाळी करून फडक्यात बांधायची. एका हाताने खावं, दुसरा हात मागावर. पुढे त्यांचा मुलगा नंदीशही शाळेत तीच गुंडाळी नेऊ लागला. ते माझे सुखाचे दिवस. सकाळी तापलेला मी दुपारपर्यंत कोमट असायचो.

मग निंगप्पा वारला आणि नंदीश नोकरीसाठी पुण्याला गेला. आता काशम्मा एकच भाकरी करते आणि तीच दोन्ही वेळा पुरवते. कधी नुसत्या चहा-चुरमुऱ्यावर दिवस ढकलते. मग मी आपला खिळ्यावर, भिंतीकडे तोंड करून. एकटेपणा म्हणजे काय, ते आम्हा दोघांना विचारा.

संध्याकाळी नंदीशचा फोन येतो. आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. एकदा तो म्हणाला, "अव्वा, आज परत बरिटो खाल्ला. पण मन भरलं न्हाय."

"ते काय असतंय रं?"

"मैद्याच्या पोळीत भात, राजमा, भाजी भरून गुंडाळत्यात. चांगला कसा असावा सांगू? पोळी मऊ पाहिजे, पण फाटली न्हाय पाहिजे. आतलं सगळं प्रत्येक घासात आलं पाहिजे. आणि शेवटचा घास पण गरम लागला पाहिजे. सगळं पुणं पालथं घातलं, तसला कुटं मिळंना."

काशम्मा हसली. "अरं, ही तर तुझ्या अप्पाची गुंडाळी की!"

मग तो म्हणाला, "व्हय गं. मी तीच शोधत होतो. पुढच्या आठवड्यात एक दिवसाची रजा काढून येतो. तव्यावरनं थेट हातात दे."

मग काय विचारता! काशम्माने नवी ज्वारी दळून आणली, मला घासूनपुसून ठेवलं. आदल्या दिवशी ती चटणी कुटत होती, तेवढ्यात शेजारची महेश्वरी दारात आली. "काकू, उद्या वारुळाला कधी निघायचं?"

काशम्माचा हात थांबला. उद्या नागपंचमी! सगळे सण बोटांवर असलेली ही बाई, पण लेक येणार या आनंदात पंचमीच विसरली होती. आमच्याकडे पंचमीला तवा चुलीवर चढवत नाहीत. तवा म्हणजे नागाचा फणा, तो तापवला तर नागाला चटका बसतो आणि लेकराबाळांना बाधतं, असं मानतात. तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. उद्या नको म्हटलं तर तो येणारच नाही, याची तिला भीती वाटली.

नंदीश आला. अंघोळ होताच त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि गॅसवर ठेवलं. किती दिवसांनी त्याचा हात लागला! पण काशम्मा धावत आली आणि गॅस पेटायच्या आत तिने मला उचलून छातीशी धरलं.

"आज न्हाय, बाळा. पंचमी हाय."

"एक दिवस चालतंय की, अव्वा. कोण बघतंय?"

"तुझ्याचसाठी पाळते मी. तुझ्याचसाठी मोडू व्हय?"

तिने मला परत टांगलं. मला फार वाईट वाटलं, पण तिचा राग आला नाही.

मग तिने पुरणाची दिंडं उकडली. नंदीशने मन लावून खाल्ली, "लई भारी" म्हणाला. तरी त्याची नजर राहून राहून माझ्याकडे वळत होती. संध्याकाळच्या गाडीने तो गेला. "पुढच्या खेपेला नक्की," म्हणाला. ती खेप कधी, हे त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशम्माने मला उतरवलं. पाणी उकळलं, पीठ मळलं, भाकरी थापली. मी जीव ओतून तापलो. भाकरी टम्म फुगली. तिने चटणी पसरली, उसळ घातली, कांदा भुरभुरला, घट्ट गुंडाळी केली आणि सवयीने बांधायला फडकं शोधू लागली. मग थांबली आणि तिथेच खाली बसून स्वतःच खाऊ लागली. इतक्या वर्षांत तिने ती गरम कधी खाल्लीच नव्हती. कायम दुसऱ्यांना बांधून दिलेली.

"झकास जमलीया," ती डोळे पुसत म्हणाली. ऐकायला मी एकटाच होतो.

मित्रांनो, लोखंडी तव्याला फार काही लागत नाही. ओला ठेवू नका, गंजू देऊ नका, एवढं पुरे. पण माझी एक विनंती ऐका. सणाला तुम्ही घरी जाताच. तसे एखाद्या बिनसणाच्या, साध्यासुध्या दिवशीही जा. त्या दिवशी तवा चुलीवर चढवता येतो.