वरचं दार, खालचं दार

सव्वीस वर्षं मी चीनमधल्या डोंगरउतारावरच्या छोंगछिंग शहरात बस चालवली. मला कुणी रस्ते शिकवू नयेत, असं त्या सकाळीही मी मुलीला सुनावलं.

थोरल्या भावाला सव्वाआठला स्मशानातल्या भट्टीत घालणार होते. आईच्या खोलीवरून आम्ही भांडलो, ते अकरा वर्षं बोललोच नाही. आता निदान त्याचं तोंड बघायचं होतं.

"बाबा, मेट्रोनं जाऊ. आत्ता निघालो तर आठच्या आत पोचतो," चिहुई म्हणाली.

"सख्ख्या भावाच्या मयताला लोंबकळत जाऊ? गाडी मागव."

तिनं मोबाईलवर गाडी मागवली. आमच्या इमारतीला दोन दारं. एक तळाशी, नदीकाठच्या रस्त्यावर. दुसरं बाविसाव्या मजल्यावर, तिथंही रस्ताच. सगळे वरच्या दाराशी थांबतात. मी हट्टानं खाली उभा राहिलो, कारण नदीकाठचा रस्ता माझ्या बसचा!

नकाशावर गाडीचा ठिपका आमच्या ठिपक्यावर येऊन बसला. समोर गाडीचा पत्ता नाही. चिहुईचा फोन वाजला, गाडीवाल्याचा. मीच तो हिसकावून "हॅलो" म्हणून ओरडलो.

"ओ आजोबा, कुठं आहात?"

"दारात! डोळे फुटले का तुझे?"

"मीपण दारातच आहे की!"

"बाबा, तो वर आलाय," चिहुई हळूच म्हणाली. "चला, लिफ्टनं जाऊ."

"आपण का जायचं? त्याला म्हणावं, ये खाली."

"खाली यायला केवढा वळसा आहे, आजोबा! तुम्हीच या वर."

"माझ्या वयाचा तरी मान ठेव, मेल्या!"

वीस मिनिटं मी त्या पोराशी भांडलो. शेवटी तो कंटाळला आणि दुसरं भाडं घेऊन निघून गेला. मग मेट्रोच. एका पोरीनं उठून जागा दिली, तर तिच्यावरही खेकसलो.

पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. पुतण्या दारातच उभा होता, दंडाला काळी फीत बांधून.

"झालं, काका. दहा मिनिटं थांबवलं होतं. मागं दुसरे लोक खोळंबले होते."

"अरे, त्या गाडीवाल्यानं घात केला! मूर्ख, वरच्या रस्त्यावर..."

"तीन दिवस मांडवात दर्शनाला ठेवलं होतं बाबांना," तो म्हणाला. "रात्रंदिवस माणसं येत होती. काल का नाही आलात?"

पुतण्यानं स्वतः बोलवायला यावं म्हणून मी घरी बसून राहिलो होतो. हे कुठल्या तोंडानं सांगू?

चिहुई एक शब्द जरी बोलली असती, तर निदान तिच्यावर तरी ओरडलो असतो.