हणमंतराव मुकादमाचा ढीग
उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्यात कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाऊस तेवढा आला नाही. आणि जिथं नळाला चार दिवसांनी पाणी, तिथं कुणीतरी नव्या कलेचं संग्रहालय काढलं. तेही बहात्तरच्या दुष्काळात बांधलेल्या धान्याच्या गोदामात.

हे ऐकून जळकोटच्या हणमंतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या गोदामाच्या कामावर ते मुकादम होते. बाया खडी फोडायच्या, हे ढीग मोजून पास करायचे. पण तेरा वर्षं सांगून सांगून गोदाम त्यांनी एकट्यानं बांधल्यासारखं झालं होतं. संग्रहालयात इमारतीच्या इतिहासाचा फलक आहे म्हणे. त्यावर आपलं नाव नसेल तर लावूनच परतायचं, असं ठरवून ते नवा फेटा बांधून, बायकोला घेऊन एसटीत बसले. बायको तारामतीही तिथंच खडी फोडायला होती, पण ते सांगण्यासारखं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पहिल्या दालनात भिंतभर नुसता निळा रंग होता. "चुना संपला असंल," हणमंतराव म्हणाले. दुसऱ्यात छताला खाट उलटी टांगलेली. तिसऱ्यात मात्र मधोमध खडीचा ढीग दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. काठीनं लांबी-रुंदी घेतली, भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पास."

माहिती सांगायला नेमलेल्या बाई हसल्या. "काका, हा आतून पोकळ आहे. तेच तर शिल्प आहे."

मग त्यांनी इतिहास सांगितला. इथं बेचाळीस बाया खडी फोडत. उपाशीपोटी ढीग पुरा होईना, म्हणून त्या आत टोपली पालथी घालून वरून खडी ओतायच्या. मुकादम वरवर टेप लावायचा. एकदाही त्याच्या ध्यानात आलं नाही. हे सगळं त्यांतल्या काही बायांनीच सांगितलेलं.

हणमंतरावांची कानशिलं तापली. राग आला, पण त्याहून लाज जास्त वाटली.

"तू बी?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"पयली टोपली कुणाची व्हती, त्ये इचारा," तारामती म्हणाली.

फलकावर बेचाळीस नावं होती. खाली 'मुकादम' असं लिहून पुढं जागा कोरी सोडलेली.

"आम्हाला भेटल्या त्या बाया त्याला नुसतं मुकादमच म्हणायच्या, नाव त्यांतल्या कुणाला सांगता येईना," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिकडचेच दिसता. तुम्हाला माहीत आहे का?"

जिच्यासाठी एवढा फेटा बांधला, ती जागा समोर रिकामी होती. हणमंतरावांनी घसा खाकरला.

"त्यो व्हय? त्यो वारला. लई वर्सं झाली."

तारामतीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वारला? मंग हे कुकू मी कुणाचं लावून हिंडायलेय?"

आणि जिनं जन्मात कधी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ती बाईंकडं वळून खणखणीत बोलली, "लिवा बाई. हणमंतराव श्रीमंतराव, मुक्काम जळकोट. अन् म्होरं लिवा, जिता हाय."