मोहिनीचे हात माझ्या चौकटीत

मी वेबकॅम बोलतोय, पुलगावच्या मुकेशभाऊंच्या घरातला. मला स्वस्थ बसता येत नाही, हे आधीच सांगतो. समोर काहीतरी घडत असतं आणि मला ते नुसतं बघावं लागतं. पापणी नाही, त्यामुळे नजर चुकवायचीही सोय नाही.

माझी जुळणी कुठल्या कारखान्यात झाली, मला माहीत नाही. मला पहिल्यांदा दिसलं ते मुकेशभाऊंचं नाक. पुलगावच्या दुकानदाराने मला तपासायला जोडलं होतं आणि भाऊ वाकून बघत होते. त्यांच्या ऑफिसने हुकूम काढला होता, की घरून मीटिंगला बसणाऱ्याचा चेहरा दिसलाच पाहिजे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरला कॅमेराच नव्हता.

"याच्यात साफ दिसते का?" भाऊंनी विचारलं.

"चेहरा वळखू येते. सस्त्यात अजून काय पाह्यजे? धूसर वाटलं तर हे चकरी फिरवजा."

असा मी घरी आलो. माझा चिमटा मॉनिटरवर धड बसेना, तेव्हा सुरभीवहिनींनी पुठ्ठ्याची घडी खाली सरकवली. मीटिंगच्या दिवशी भाऊ वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली घरचा पायजमा घालून बसत. पडदा माझ्या पायाखाली, पण त्यावरचं सगळं तारेतून मलाही दिसतं. सगळे एकमेकांकडे बघतायत असं वाटे, पण जो तो स्वतःच्याच चौकटीत केस नीट करत असे. मीटिंग संपली की भाऊ माझ्यावर रुमाल टाकून उठत.

तो रुमाल एका दुपारी मोहिनीने काढला.

मोहिनी भाऊंची धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. नागपूरला, मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत ती शिकली आणि तिथे हातांच्या भाषेत मनसोक्त बोलली. शिक्षण संपवून घरी आली आणि बोलायला कुणी उरलं नाही. घरच्यांना चार-दोन खुणा येत. जेव, ये, चहा, कपडे. ती मशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. वहिनी कौतुकाने सांगायच्या, "आमची मोहिनी लय शांत आहे."

त्या दुपारी तिने वेदश्रीला कॉल लावला. वेदश्री तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिला स्वतःला ऐकू येतं, पण तिचे आईवडील ऐकू न येणारे आणि त्याच शाळेत कामाला होते. ती हातांनी आधी बोलायला शिकली, तोंडाने नंतर. आता अमरावतीला शिक्षिका आहे. मोबाईलवर दोघींचं नीट जमत नसे. एक हात मोबाईल धरण्यात अडकायचा, आणि स्टीलच्या ग्लासाला टेकवून ठेवला तर घसरायचा. माझ्यासमोर मात्र मोहिनीने खुर्ची मागे ओढली, दोन्ही हात चौकटीत येतात ना ते पाहिलं, आणि सुटलीच.

मी स्वस्तातला. तिचे हात वेगाने फिरले की माझ्याकडून नुसता धुरळा जाई. वेदश्री 'परत सांग' म्हणे, मग ती हळू सांगे. रोज बघून बघून मलाही ती भाषा उमजू लागली. मोहिनी तक्रारी करायची, ब्लाऊजच्या मापावरून हुज्जत घालणाऱ्या बायकांच्या नकला करायची, हसून खुर्चीत दुमडायची. आतल्या खोलीत वहिनी झोपलेल्या असत. या मुलीला शांत कोण म्हणतं, असं मला होई, आणि ते मी कुणाला सांगू शकत नसे.

मग कारंजा घाडग्याहून स्थळ आलं. मुलगा श्रावण. त्यालाही ऐकू येत नाही. त्याचे वडील माणिकराव म्हणाले, सध्या कापसाची वेचणी आहे, आधी कॅमेऱ्यावर पाहून घेऊ.

रविवारी सकाळी मुकेशभाऊ मधोमध बसले, शेजारी वहिनी. मोहिनीला कडेला खुर्ची, तिचा एक खांदा माझ्या चौकटीबाहेर. पलीकडेही तसंच. मध्ये माणिकराव, श्रावण मागे कोपऱ्यात.

"पोरगा हायवेवरच्या वर्कशॉपमध्ये पक्का आहे. गाड्याईले रंग मारते," माणिकराव म्हणाले.

"आमच्या मोहिनीचाही कोणाले तरास नाई," भाऊ म्हणाले. "काही बोलतच नाई ते."

तेवढ्यात श्रावणचे हात छातीपाशी आले.

'वर्कशॉपचं काम सुटलं. घरच्यांनी ते लपवायचं ठरवलंय. तुला माहीत असावं म्हणून सांगतो.'

मोहिनीने खुर्ची आत सरकवली. 'तुला लग्न करायचंय का?'

'मला कुणी विचारलं नाही. तुला?'

'मलाही नाही.'

"पाहा, जमून राह्यलं दोघाईचं," माणिकराव हसले. "तारीख पाहून घेऊ मंग."

भाऊ हो म्हणाले. मोहिनीने त्यांची बाही ओढली. त्यांनी तिच्याकडे न बघता तळहात दाखवला, थांब. तिने पुन्हा ओढली, पुन्हा तळहात. खोलीतली दोन्ही बोलणी एकट्या मला कळत होती, आणि मला तोंड नव्हतं. मी जिवाच्या आकांताने बघत राहिलो. तेव्हा मोहिनी उठली आणि तिने माझी तार उपटली.

मोहिनीनेच मला परत जोडून कॉल लावला, तेव्हा पडद्यावर वेदश्री होती. मोहिनी उभी होती, चेहरा लाल.

"काऊन असं केलं तिनं?" भाऊ चिडले होते. "लोकाईसमोर काय इज्जत राह्यली?"

"मुकेशदादा, माझ्याकडे नका बघू, तिच्याकडे बघा," वेदश्री म्हणाली. "ती बोलेल तेच मी तोंडाने सांगते."

मोहिनीचे हात चालू झाले, आणि त्या घरात पहिल्यांदाच तिचं बोलणं ऐकू आलं.

"दादा, त्या मुलाचं काम सुटलंय. त्याने स्वतः सांगितलं."

"असं आहे? मंग नाई म्हणून कळवतो."

"थांब. मी नाही म्हटलेलं नाही. तू पुन्हा माझ्याऐवजी बोलतोयस. एवढ्या माणसांत खरं तोच एकटा बोलला. मला त्याच्याशी बोलू दे. आम्ही दोघंच. मग काय ते मी सांगेन."

"इतकं बोलते हे?" वहिनींच्या तोंडून निघालं. वेदश्रीने तेही हातांनी पोचवलं.

"वहिनी, मी रोज बोलते. तुम्ही दुपारी झोपलेल्या असता." मग ती भावाकडे वळली. "तू त्यांना सांगितलंस, मी काही बोलतच नाही. मी तुझ्या ओठांवरून वाचलं ते."

भाऊ पडद्याकडे वळले. मग वेदश्रीला म्हणाले, "तिले विचारा, राग आला का माह्या?"

"तुम्हीच विचारा. खूण मी दाखवते."

त्यांनी विचारलं. बोटं भलतीकडेच गेली. मोहिनीने त्यांचा हात धरून ती सरळ केली, आणि मग उत्तर दिलं, हो, आला.

पुढे ती आणि श्रावण माझ्यामार्फत बोलत राहिले. भांडलेही. त्याने ट्रकवर नावं रंगवायचं काम स्वतःच्या हिमतीवर सुरू केलं, तिने शिवणकाम सोडणार नाही असं बजावलं, आणि एके दिवशी तिने घरच्यांना हो सांगितलं. आता ती कारंज्याला असते आणि माझ्यामार्फत भाऊंना एकेक नवी खूण शिकवते.

मी इथेच राहिलो. काचेआड धूळ गेली आहे, मध्येच चित्र गोठतं, आणि मोहिनीचा हात अर्ध्या शब्दावर हवेत थांबून राहतो, तेव्हा माझा जीव नुसता वरखाली होतो. वहिनी म्हणतात, नवीन घेऊन टाका. खुशाल घ्या. पण आज जरा थांबा.

आज मुकेशभाऊ एकटे बसले आहेत. मोहिनीने विचारलं, 'कसा आहेस?' त्यांनी सवयीने 'बरा' अशी खूण केली. ती बघतच राहिली. मग भाऊंनी दार लोटलं आणि अडखळत, एकेक खूण आठवत सांगायला घेतलं, की ऑफिसात मन लागत नाही, भीती वाटते, झोप येत नाही. हे त्यांनी आजवर तोंडाने कुणालाही सांगितलेलं नाही.

त्यांचं अजून सांगून झालेलं नाही. तेवढं होऊ द्या. मग मला काढा.